नवा गडी आणि संघाची घडी

भातकापणी आटोपली, मळण्या झाल्या, आणि समुद्रावरून येणारा वारा संध्याकाळी अंगाला झोंबू लागला, की आमच्या रेवदंडा-चौल भागात जागोजागी कबड्डीची मैदाने आखली जाऊ लागतात. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या आडून रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतात आणि पंचांची शिट्टी थेट खाडीपर्यंत ऐकू येते. रायगड जिल्ह्यास या खेळाचे वेड किती आहे, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. पूर्वी यासच हुतुतू म्हणत, व आमच्या पालकांतील वडीलधारी मंडळी आजही तोच शब्द वापरतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी याचे प्रात्यक्षिक जगास दाखविले आणि १९९० साली बीजिंग येथील आशियाई स्पर्धांत यास पदकाचा मान मिळाला. पण या लेखात खेळाचा इतिहास सांगण्याचा आमचा हेतू नाही.

गेल्या हिवाळ्यात एके सायंकाळी सराव संपून मुले पाणी पीत बसली असता त्यांपैकी एकाने आम्हांस विचारले, "सर, अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून एकच गडी असतो, आणि त्याच्यावाचून सगळा संघ अडतो म्हणे. आपल्या खेळात तसा कोण?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच दुसरा म्हणाला, "कोण म्हणजे? आपला चढाईवाला!" हे उत्तर आम्हांस निम्मे बरोबर वाटले. उरलेले निम्मे समजण्यासाठी आम्हांस स्वतःस दोन वर्षे व एक मोठी चूक खर्ची घालावी लागली. ती हकीकत विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल आणि पालकांसही ऐकवणे न्यायाचे होईल, म्हणून येथे देत आहोत.

प्रथम त्या परदेशी खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण ज्यास फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यात चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. ज्या संघाच्या हाती चेंडू असतो त्यास दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात सरकता आले तर पुन्हा चार, नाही तर बहुधा चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला गडी चेंडू पायांमधून मागे देतो आणि तो घेणारा जो गडी, तोच क्वार्टरबॅक. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप यांनी १८८० च्या सुमारास ही पद्धत नियमांत बसविली. पुढे १९०६ साली चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास परवानगी मिळाली आणि या गड्याचे महत्त्व शतपटीने वाढले. चेंडू कोणास द्यावा, कोणाकडे फेकावा, की स्वतःच घेऊन पळावे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचे. आणि ते ठरवीत असता समोरून धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येत असतात. त्याचे दहा सोबती त्यास ते दोन-तीन सेकंद मिळवून देण्यासाठीच झटत असतात, ही गोष्ट मात्र प्रेक्षकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

आमच्या कबड्डीतील चढाई करणारा गडी याहून एकाकी. तो मध्यरेषा ओलांडतो तेव्हा त्याचे सहा सोबती मागे उभे राहून पाहण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. समोर सातजण हातांत हात गुंफून अर्धचंद्राकार उभे. वेळ तीस सेकंद. तेवढ्यात दम न सोडता निदानरेषा ओलांडावयाची, कोणास तरी स्पर्श करावयाचा आणि जिवंत परत यावयाचे. म्हणून चढाईवाला म्हणजे सर्व संघ, असा समज मुलांचा होतो आणि, आम्हांस कबूल केले पाहिजे, मास्तरांचाही होतो. परंतु नियम नीट पाहिले तर त्या एकाकी गड्याच्या पाठीशी सबंध संघ कसा उभा असतो ते दिसू लागते. चढाईवाला बाद होऊन बाहेर बसला, की त्यास परत आणणार कोण? त्याचे क्षेत्ररक्षक. त्यांनी समोरच्याची पकड केली, तर जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. म्हणजे आपली चढाई चालू राहणे हे आपल्या कोपऱ्यातल्या गड्याच्या मनगटावर अवलंबून असते. तसेच, समोर सहा किंवा अधिक गडी उभे असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. पाच किंवा कमी राहिले की तो मार्ग बंद. म्हणून कोणत्या वेळी कोणता गडी पाठवावा, यास मोठा अर्थ आहे. हा अर्थ आम्हांस त्या वेळी कळला नव्हता.

चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या शाळेच्या संघाची एकच रीत होती. अंगापिंडाने मजबूत मुलगा निवडावयाचा, त्यास खोल आत घुसण्यास शिकवावयाचे, आणि साखळी अंगावर आली की ती छातीने फोडून परत यावयाचे. ही रीत आम्ही आमच्या विद्यार्थिदशेत शिकलो होतो आणि तिच्यावर काही ढाली मिळविल्याही होत्या. अशा वेळी आठवीच्या वर्गात कोळीवाड्यातला एक मुलगा आला. त्याचे नाव येथे घालीत नाही. ते त्यास आवडणार नाही. अंगाने काटकुळा, पाय मात्र वयाच्या मानाने लांब. वाळूवर चालताना सुद्धा त्याचे पाऊल रुतल्यासारखे दिसत नसे. त्याच्या अंगी एक विशेष होता. समोरची मुले कशी उभी आहेत, कोणाचा भार कोणत्या पायावर आहे, हे त्यास न सांगता दिसे. सरावात तो कोपऱ्यासमोर नुसता उभा राहून डुले, आणि कोपऱ्यातल्या मुलाने पाऊल उचलले रे उचलले, की याचा पायाचा अंगठा बोनस रेषेपलीकडे टेकून परतही आलेला असे.

एवढे दिसत असूनही आम्ही त्यास आमच्या रीतीत बसविण्याचा खटाटोप केला. "असा काठावर काय नाचतोस? आत जा, साखळी फोड," असे आम्ही त्यास रोज सांगत असू. मुलगा आज्ञाधारक, तो आत जाई आणि पकडला जाई. आम्हांस वाटे की सवयीने जमेल. त्या वर्षी एका सामन्यात आमचा मोठा चढाईवाला आजारी असल्यामुळे आम्ही या पोरास जवळजवळ प्रत्येक चढाईस पाठविले. उत्तरार्धात तिघांनी मिळून त्यास खाली घातले, तो खांद्यावर पडला आणि उठला तो हात धरूनच. हाड मोडले नव्हते. तरी दीड महिना हात झोळीत राहिला, आणि त्यात सहामाही परीक्षेचे पेपर त्याने कसे लिहिले ते आम्ही पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ते होडीवर जाणारे. आमच्याशी भांडतील अशी आमची समजूत होती, आणि भांडले असते तर आम्हांस बरे वाटले असते. ते बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, वारा आपल्या शिडापरमाणं वाहत नाय. शीडच फिरवावं लागतं." एवढेच बोलून ते मुलाचे दप्तर घेऊन गेले.

त्या दीड महिन्यात आम्ही पुष्कळ वाचन केले. विद्यार्थ्याने पुढे जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार होते ते याच वाचनामुळे. अमेरिकेत सिनसिनाटी येथील संघात १९६९ साली ग्रेग कुक नावाचा एक तरुण क्वार्टरबॅक आला. त्याचा हात असा काही बलवान, की चेंडू दूरवर फेकून एकाच फटक्यात मैदान काबीज करावे, अशी त्या संघाची सर्व रचना त्याच्याभोवती उभी राहू लागली. पहिल्याच हंगामात त्याच्या खांद्यास दुखापत झाली. काही सामने बाहेर बसून तो तशाच दुखऱ्या खांद्याने पुन्हा खेळला, व त्याची कारकीर्द तेथेच जवळपास संपली. त्याच्या जागी १९७० साली व्हर्जिल कार्टर हा गडी आला. याच्या हातात तेवढा जोर नव्हता, पण नेम चांगला, पाय चपळ आणि बुद्धी तल्लख. (हा गृहस्थ गणिती होता. त्याने एका प्राध्यापकासमवेत या खेळाचे गणित मांडणारा निबंध १९७१ साली एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. गणिताच्या तासास मैदानाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.)

तेथील साहाय्यक शिक्षक बिल वॉल्श यांच्यापुढे आता दोन मार्ग होते. कार्टरला कुकसारखे लांब फेकावयास लावणे हा एक. आम्ही आमच्या मुलाबाबत तोच घेतला होता. वॉल्श यांनी दुसरा घेतला. लांब फेकता येत नाही ना, मग आखूड फेकू. मैदानाची लांबी जिंकता येत नाही, तर रुंदी वापरू. चेंडू झेलणारे गडी ठरलेल्या पावलांवर ठरलेल्या जागी वळणार, क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावले मागे येणार, आणि शेवटच्या पावलास चेंडू त्याच्या हातून सुटणार. शक्तीच्या जागी वेळेचा मेळ आला. त्या हंगामात पहिल्या सात सामन्यांपैकी सहा त्यांनी गमावले. पण पुढचे सातही जिंकून आपल्या गटात ते पहिले आले. पुढच्या, १९७१ च्या, हंगामात फेकलेल्या चेंडूंपैकी योग्य हाती पोहोचलेल्या चेंडूंचे प्रमाण सर्व देशात कार्टरचेच सर्वाधिक होते. या पद्धतीस पुढे मोठे नाव झाले; तिची जननी मात्र अडचण होय.

आम्ही वॉल्श नव्हे, आणि रेवदंडा म्हणजे सिनसिनाटी नव्हे. तरी मुलाचा हात झोळीतून निघाला तेव्हा आम्ही वहीत दोन पाने लिहून काढली होती. त्यात मुख्य बदल चढाईच्या क्रमाचा होता. पूर्वी सामन्याची सुरुवात मोठ्या मुलाने होई. आता समोर सातही गडी उभे असता प्रथम या काटकुळ्यास पाठवावयाचे ठरले. कारण तेव्हाच बोनस रेषा खुली असते आणि लांब पायांचे चीज तेथेच होते. एक पाय रेषेपलीकडे टेकावयाचा आणि त्या क्षणी दुसरा पाय अधांतरी ठेवावयाचा, हे त्यास उपजतच येत होते. बोनस द्यावयाचा नाही म्हणून कोपऱ्यातला गडी पुढे सरला, की साखळीत फट पडे. त्या फटीत आमचा मोठा मुलगा पुढच्या चढाईस जाई. समोरचे पाच किंवा कमी राहिले, की लहान्याचे काम संपून मोठ्याचे सुरू होई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाही तर चढाई करणारा बाद, असा नियम आता बहुतेक स्पर्धांत असतो. ती तिसरी चढाई पहिल्या वर्षी या मुलाकडे मुळीच द्यावयाची नाही, असे आम्ही संघास बजावून ठेवले.

क्षेत्ररक्षणातही त्याची जागा बदलली. कोपऱ्यात उभे राहून धिप्पाड मुलांचे घोटे पकडणे हे त्याच्या खांद्याचे काम नव्हे. त्यास साखळीत, दोन भक्कम मुलांच्या मध्ये घेतले. कोपऱ्यातील दोन्ही मुलांस मात्र आम्ही निराळे बोलावून सांगितले, की हा बाद झाला म्हणजे तुमची पुढची पकड ही याला परत आणण्यासाठी आहे. त्या मुलांनी त्या वर्षी जे कष्ट घेतले ते प्रेक्षकांच्या टाळ्यांत मोजले गेले नाहीत, म्हणून येथे नमूद करतो.

सराव आम्ही ओहोटीच्या वेळी, किल्ल्याच्या तटाजवळच्या वाळूत घेऊ लागलो. पाणी उतरल्यावर थोडा वेळ वाळू घट्ट असते. तिच्यावर रेषा नीट उठतात, आणि पाऊल कोठे पडले ते खुणेवरून मुलास स्वतः पाहता येते. त्यास "चुकलास" म्हणून सांगावे लागत नाही. रेषेच्या अलीकडे उठलेला अंगठा सर्व सांगतो. सहा मुलांची साखळी करून ती केवळ सरकत ठेवावयाची, कोणी पकडावयाचे नाही, आणि याने तीस सेकंद तिच्यासमोर फिरून परत यावयाचे व काय दिसले ते तोंडाने सांगावयाचे, हा क्रम आम्ही तीन आठवडे चालविला. स्पर्श नाही, गुण नाही, नुसते पाहणे. इतर मुलांस हे कंटाळवाणे वाटले. एकदा त्याने परत येऊन सांगितले, "सर, डावा कोपरा दम लागला की आधी उजवा पाय हलवतो." ते आमच्याही नजरेस आले नव्हते. वाळूवर पाय जड होतात व पडल्यास लागत नाही, हा फायदा. पण मोठे सामने आता मॅटवर होतात, तेथे पाय अधिक वेगाने पडतो व गुडघ्यास झटका बसतो. म्हणून स्पर्धेपूर्वी पंधरा दिवस तरी मॅट मिळविण्याची खटपट आम्ही करतो. दर वर्षी ती साधतेच असे नाही.

नव्या गड्यास किती लवकर पुढे करावे, या प्रश्नाचे उत्तर पालक व शिक्षक दोघांसही हवे असते. त्याच वॉल्श यांची पुढली हकीकत येथे उपयोगी आहे. १९७९ साली ते सॅन फ्रान्सिस्को येथील संघाचे मुख्य शिक्षक झाले. संघाची अवस्था अशी, की आदल्या वर्षी सोळा सामन्यांत अवघे दोन विजय. त्या वर्षी त्यांनी जो मोंटाना नावाचा तरुण निवडला. त्याच्या आधी त्या वर्षीच्या निवडीत एक्याऐंशी जणांची नावे पुकारली गेली होती. हा मुलगा पहिल्या हंगामात किती वेळा चेंडू फेकतो? सबंध हंगाम मिळून तेवीस वेळा. पुढे स्टीव्ह डीबर्ग हा अनुभवी गडी खेळत होता, आणि संघ पुन्हा सोळांपैकी चौदा सामने हरत होता. तरी नव्या पोरास वॉल्श यांनी आगीत लोटले नाही. दुसऱ्या वर्षी सात सामन्यांची सुरुवात त्याच्याकडे दिली, तिसऱ्या वर्षी सर्व भार दिला, आणि १९८२ च्या जानेवारीत त्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी होता सिनसिनाटीचा संघ! हरत असता थांबणे किती कठीण असते, हे ज्याने कधी संघ सांभाळला आहे त्यासच कळेल.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे, आणि ते मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहे. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण हा संघ २०२१-२२ च्या हंगामात उतरला तेव्हा त्यात राहुल चौधरी व नितीन तोमर यांच्यासारखे नामांकित चढाईपटू होते. परंतु हंगाम जसजसा पुढे गेला तसतसा चढाईचा भार अस्लम इनामदार व मोहित गोयत या दोन तरुणांकडे सरकत गेला. अस्लम हा आपल्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला. पुढच्या हंगामात पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. पण नेमके त्या वेळी हे दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्यानंतर अस्लमकडे कर्णधारपद आले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पलटणने प्रथमच अजिंक्यपद मिळविले.

यात आमच्या मते खरी शिकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या विजयी हंगामात चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत पलटणचा एकही गडी नव्हता. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चौघेजण भार वाटून घेत. अंतिम सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणून पारडे फिरविणारा गडी पंकज मोहिते होता. पाठीशी इराणचा शादलोई व त्याच्या जोडीची क्षेत्ररक्षकांची फळी होती. आणि तरीही हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून जो निवडला गेला तो अस्लमच. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी त्याच्याभोवती संघ बांधला, पण त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नव्हे. तरी विघ्न टळतेच असे नाही. २०२४ च्या अखेरच्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, आणि पलटणला बाद फेरी गाठता आली नाही. २०२५ साली तो परतला तेव्हा संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला.

आता पालकांशी दोन शब्द. वाढत्या वयात हाडांची टोके अद्याप कोवळी असतात. त्या वयात रोज-रोज त्याच गुडघ्यावर व त्याच खांद्यावर पडणे म्हणजे ओल्या भिंतीवर मजला चढविणे होय. म्हणून आठवड्यातून दोन दिवस आम्ही मुलांस मैदानावर येऊ देत नाही. त्या दिवशी तुमचा मुलगा गल्लीत खेळताना दिसल्यास कृपा करून त्यास घरात बोलवा. दुसरे, किशोर व कुमार गटांत वजनाची मर्यादा असते. ती पाळण्यासाठी काही मुले स्पर्धेपूर्वी दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणीही पीत नाहीत, आणि हे घरच्यांस ठाऊक असून त्यात कौतुक मानले जाते. आमच्या संघात असे करणाऱ्यास आम्ही वगळले आहे व पुढेही वगळू. नाचणीची भाकरी, भात आणि मासळी पोटभर खाऊन जे वजन भरेल त्या गटात मुलगा खेळेल. तिसरे, सामना हरल्यावर घरी जाताना मुलाशी त्याच्या चुकीविषयी बोलू नये. त्या चुका आम्ही वहीत लिहून ठेवलेल्या असतात.

राहिली आमच्या काटकुळ्याची हकीकत. नववीच्या वर्षी संघ नव्या घडीने खेळला आणि तालुक्याच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला. त्या सामन्यात या मुलाने नुसते बोनसचे नऊ गुण आणले. लोक त्याचे नाव घेऊन ओरडत होते. शेवटची चढाई आमची होती, आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. समोर पाच गडी उभे होते. मैदानाच्या चारही बाजूंनी एकच आरडाओरडा, की लहान्याला पाठवा. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मोठ्यास खूण केली. मोठा आत गेला, त्याने एकास हात लावला, पण परत येताना दोन हातांवर मध्यरेषा राहिली आणि तो पकडला गेला.

मास्तरांनी हातातला सामना घालविला, असे गावात पुष्कळ दिवस बोलले गेले. काही पालकांनी तोंडावर विचारले, त्यांचे आम्ही आभारच मानतो. त्या मुलास पाठविले असते तर जिंकलो असतो का, हे सांगता येत नाही. तशीच वेळ पुन्हा आली तर त्या वयाच्या मुलाबाबत आम्ही तसेच करू.

परतताना गाडीत तो आमच्या शेजारी बसला होता. चौलचा नाका मागे पडेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला का नाही पाठवलंत?"

"समोर पाच होते. बोनस बंद होता."

त्याने थोडा वेळ विचार केला. "मग मला पाचांतली चढाई शिकवा."

दुसऱ्या दिवशी ओहोटी सायंकाळी पाचच्या सुमारास होती. आम्ही तटाजवळच्या वाळूत रेषा आखल्या, बोनसची रेषा मुद्दाम आखली नाही, आणि पाच मुले उभी केली.